उजव्या पिळाची तार

१

सात नंबरच्या रॅकवर, तिसऱ्या फळीवर, डावीकडून चौथ्या जागी डबा नव्हता.

वीतभर उंचीचा साधा पत्र्याचा डबा. आत लष्करी हेलिकॉप्टरच्या शेपटीच्या पंख्याचं एक बेअरिंग. दिसायला तळहातावर मावेल एवढं, पण ते नसेल तर शेपटीचा पंखा चालत नाही, आणि तो चालला नाही की अख्खं हेलिकॉप्टर स्वतःभोवतीच गरगरायला लागतं. डोंगरातल्या चौकीवरून जखमींना खाली आणणारं हेलिकॉप्टर हँगरमध्ये पोट उघडून पडलं होतं आणि कॉम्प्युटर छातीठोकपणे सांगत होता, बेअरिंग शिल्लक, एक.

"कॉम्प्युटर खोटं बोलत नाही," सूनबाई म्हणाली.

"रिकामी फळीही खोटं बोलत नाही," मेजर म्हणाले. "मग खोटं बोलायला उरलं कोण?"

या तळावरचं सुट्या भागांचं भांडार गेल्या वर्षापर्यंत लष्कराच्याच हातात होतं. मग वरून हुकूम आला. सुटे भाग मागवणं, मोजणं, जपणं खासगी कंपनीनं करावं आणि सैनिकांनी सैनिकी करावी. कंपनी आली. तिनं भांडाराची प्रमुख म्हणून बत्तीस वर्षांची एक बाई नेमली, आणि गंमत अशी की एकतीस वर्षं ते भांडार सांभाळणारा भांडारी हा तिचा सख्खा सासरा निघाला. कंपनीनं त्याला वर्षभर सल्लागार म्हणून ठेवून घेतलं आणि दाराजवळ एक स्टूल दिलं. सासूच्या कमरेच्या किल्ल्या सुनेकडे जातात हे जगानं पाहिलेलं आहे. सासऱ्याच्या किल्ल्या गेल्या, तेव्हा मात्र तळावर सगळ्यांना चघळायला विषय मिळाला. तेव्हापासून तिला सगळे सूनबाईच म्हणत.

चौकशीला मुख्यालयातून टाचणीबाई आल्या. हे नाव त्यांना कचेरीनं पाठीमागे ठेवलेलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. त्या पोहोचल्या तेव्हा दहा वाजले होते. पाच वाजता समिती बसणार होती. तोवर डब्याचा छडा लागला नाही तर सूनबाईची नोकरी जाणार, आणि या धंद्यात ज्याच्या हातून एक भाग हरवला त्याच्या हाती दुसरं भांडार कुणी देत नाही.

टाचणीबाईंनी पहिलं काय पाहिलं, तर सूनबाईच्या गळ्यात दोरीला अडकवलेलं जुनं पितळी भिंग.

"कुणाचं?"

"बाबांचं. सासऱ्यांचं. चार्ज देताना त्यांनी स्वतःच्या हातानं घातलं."

टाचणीबाईंच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. भिंग डोळ्याला लावायचा मान भावाला मिळाला. त्यांनी चिमट्याला हात लावला की वडील म्हणायचे, "ठेव ते. तुझं काम नाही हे. काउंटर पूस." त्याला आता चाळीस वर्षं झाली, भावानं दुकान विकूनही दहा वर्षं झाली, तरी जळणं काही थांबलं नव्हतं. इथे तर परक्या घरातून आलेल्या पोरीच्या गळ्यात सासऱ्यानं भिंग घातलं होतं! हीच चोर निघाली तर किती बरं होईल, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्यांची त्यांनाच लाज वाटली.

२

भांडाराला किल्ल्या तीन. एक मेजरांकडे, एक सल्लागार म्हणून भांडाऱ्याकडेच ठेवलेली, एक सूनबाईकडे. कुलूप फोडलेलं नव्हतं. एक तारखेच्या मोजणीला डबा जागेवर होता आणि आज बावीस तारीख होती. फाटकावर जाताना खिसे-पिशव्या उलट्या करून बघतात, म्हणजे डबा आवाराबाहेर गेलेला नव्हता.

मेजर उभ्या उभ्याच बोलले. "मी लेखी विरोध केला होता. भाडोत्री लोकांच्या हाती माझ्या मशीनचा जीव देऊ नका म्हणून. आता म्हणा, मीच पळवला."

"पळवलात का?"

मेजरांनी तिजोरी उघडली. किल्ली पाकिटात होती आणि पाकिटावरची लाख वर्षभरापूर्वीची, अखंड. टाचणीबाईंनी त्यांचं नाव मनातून खोडलं. मेजरांचा संताप खरा होता, पण तो सगळा कागदावर उतरला होता.

भांडारी स्टुलावर बसून डाव्या हातानं यादीवर खुणा करत होता.

"सुनेला चार्ज द्यावा लागला. वाईट वाटलं असेल?"

"वाटलं. खोटं कशाला बोलू? कंपनी म्हणते, सल्ला द्या. सल्ला काय, तो जगात फुकटच मिळतो." तो हसला. "आधी मनात म्हटलं, बघूच किती दिवस टिकते. पण पोरगी समोर बसली आणि सहा महिन्यांत सगळं उचललं. असा हात मी दुसरा पाहिला नाही."

मागे कप आदळला. खांद्यावर थर्मास अडकवलेला, ग्रीसनं माखलेल्या वर्दीतला एक तरुण चहा ओतत होता, तो बशीत सांडला. हा भांडाऱ्याचा मुलगा, सूनबाईचा नवरा, हँगरमधला मेकॅनिक. पहाटे पाचला कामावर जायचा आणि मधल्या सुट्टीत बापाला नि बायकोला चहा आणून द्यायचा. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं तळावरच्या बायका म्हणत.

"हाताला काय झालं तुमच्या?" टाचणीबाईंनी भांडाऱ्याच्या उजव्या हाताकडे बोट केलं.

"अकरा वर्षांपूर्वी क्रेट आणि फळीच्या मध्ये सापडला. अंगठा म्हणजे नुसतं लाकूड. मग डाव्या हातानं सगळं ओनाम्यापासून शिकलो."

पलीकडे सूनबाई डब्यांची झाकणं तारेनं बांधत होती. दुपारी सात डबे दुसऱ्या तळावर जायचे होते. चौकशी आहे म्हणून काम थांबत नाही. दोन पदरी तार झाकणाच्या कानातून ओवायची, पकडीनं पीळ घालायचा आणि उरलेलं टोक आत वळवून बारीक कडी करायची.

"कडी कशाला?"

"बोट कापू नये म्हणून. बाबांची पद्धत. हँगरमध्ये टोक नुसतं दाबून टाकतात."

"दे, दोन मी बांधतो," नवरा पुढे झाला.

"राहू दे," स्टुलावरून भांडारी म्हणाला. "तुझं काम नाही हे."

मुलगा थर्मास उचलून निघून गेला. टाचणीबाईंचा हात वहीवरच थांबला. हे चार शब्द त्यांनी फार दिवसांनी ऐकले होते.

"तुमची किल्ली कुठे असते?" त्यांनी सूनबाईला विचारलं.

"घरी, दाराशेजारच्या खुंटीला. पाच मिनिटांवर क्वार्टर आहे." मग ती आवाज उतरवून म्हणाली, "मॅडम, बाबांवर संशय घेऊ नका. त्यांचा राग कंपनीवर असेल, माझ्यावरही असेल. सामानावर नाही."

तेवढ्यात शिपाई धावत आला. भंगारखोलीत काहीतरी सापडलं होतं.

३

भंगारखोलीला कुलूप नसतं. बाद झालेल्या पात्यांच्या क्रेटखाली डबा होता. छत गळत होतं, भिंती ओलसर होत्या, आणि डब्यावर मात्र धुळीचा कण नव्हता.

टाचणीबाईंनी बांधणीला धक्का न लावता तारेच्या एका बाजूला चिमट्यानं छेद दिला, तार तशीच अखंड बाजूला काढली आणि झाकण उचललं. बेअरिंग होतं, नव्या ग्रीसच्या कागदात चौघडी घालून गुंडाळलेलं. शेजारी ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी. ही पुडी कोरडी असली की निळी दिसते, ओल प्याली की गुलाबी होते. आजूबाजूच्या भंगारातल्या सगळ्या पुड्या गुलाबी पडल्या होत्या. ही निळीशार होती.

"इथल्या हवेत पुडी किती दिवस निळी राहते?"

"आठ दिवस. फार तर नऊ," सूनबाई पुटपुटली.

म्हणजे डबा लपवणारा दर आठवड्याला इथे येत होता. पुडी बदलत होता, कागद बदलत होता, पुन्हा तार बांधत होता.

"चोर, आणि एवढा मायाळू?" मेजर म्हणाले. आणि बोलता बोलता त्यांची नजर जिथे जायची तिथे गेली. पाठोपाठ सगळ्यांची गेली. एकतीस वर्षं ज्यानं या सामानाला लेकरासारखं जपलं, तो दारात उभा होता.

"वापरता येईल ना हे?" सूनबाईनं घाईनं विचारलं. "हेलिकॉप्टर अडलंय."

"नाही," मेजर म्हणाले. "मधले दिवस कुणाच्या हातात होतं, कसं ठेवलं होतं, हे लेखी कळल्याशिवाय ते लोखंडाचा तुकडा आहे. नियम तुमच्या कंपनीनंच लिहिलाय."

भांडारी पुढे आला. त्यानं बेअरिंगकडे पाहिलं नाही, पुडीकडेही नाही. क्रेटवर ठेवलेल्या तारेकडे तो खाली वाकून बघत राहिला. सरळ झाला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं.

"मी ठेवला," तो म्हणाला. "सुनेचा मत्सर वाटला म्हणून. लिहून घ्या, सही करतो."

४

मेजरांना कबुली पुरेशी होती. टाचणीबाईंना नव्हती. तार बघेपर्यंत जो माणूस निवांत होता, तो तार बघितल्यावर चोर कसा झाला?

त्यांनी तार वहीच्या पांढऱ्या पानावर ठेवली. टोकाला कडी होती, याच भांडारातली. मग त्या रॅकांमधून फिरल्या, चाळीस-पन्नास डब्यांच्या तारा त्यांनी बोटानं चाचपल्या आणि मग सरळ क्वार्टरची वाट धरली.

दार मेकॅनिकनं उघडलं. त्याची पाळी एकला संपली होती.

"बाबांनी कबूल केलं म्हणे," तो म्हणाला.

"हं. किल्लीची खुंटी बघायला आले."

दाराशेजारी खुंटी होती, खाली एक पत्र्याची शाळेची पेटी, आणि तिच्यावर चपला. पेटीचे दोन्ही कान तुटलेले आणि तारेनं बांधलेले होते. उजवीकडची बांधणी देखणी होती. डावीकडची वेडीवाकडी, सैल, पण टोकाला तशीच कडी करायची धडपड केलेली.

"जुनी दिसते पेटी."

"पाचवीतली. एक कान बाबांनी बांधून दिला."

"आणि दुसरा?"

त्यानं पेटीवरच्या चपला खाली काढून ठेवल्या. "दुसरा नंतर तुटला. बाबा कामावर होते."

टाचणीबाई गुडघे टेकून बराच वेळ त्या पेटीकडे बघत होत्या. त्यांच्या घरीही एक टेबलाचं घड्याळ होतं. बारा वर्षांच्या असताना वडिलांच्या नकळत त्यांनी ते खोलून जोडलं होतं, आणि अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

"साडेतीनला भांडारात या," त्या उठत म्हणाल्या. "साक्षीदार म्हणून."

५

साडेतीनला सगळे जमले. टेबलावर चार रिकामे डबे, तारेचं भेंडोळं, एक पकड.

"कबुली मिळाली आहे ना?" मेजर घड्याळ बघत म्हणाले.

"कबुली तोंडाची आहे. मला हाताची हवी." टाचणीबाईंनी भांडाऱ्यापुढे डबा सरकवला. "बांधा."

त्यानं डाव्या हातानं बांधला. झरझर, बघत राहावा असा.

"आता उजव्यानं."

त्यानं पकड धरली. अंगठा वळेना. पकड दोनदा सुटून टेबलावर पडली.

"सूनबाई."

सूनबाईनं उजव्या हातात पकड धरली, पण पीळ सासऱ्यासारखाच उलटा घातला. समोर बसून शिकलेली. गुरूचा हात जसा फिरला तसाच तिचाही फिरला.

"स्क्रू आवळताना हात फिरतो तो उजवा पीळ," टाचणीबाई म्हणाल्या. "सैल करताना फिरतो तो डावा. या भांडारातल्या प्रत्येक डब्याला डावा पीळ आहे. हरवलेल्या डब्याला उजवा. कडी मात्र तीच. म्हणजे ज्यानं तो बांधला तो याच हातांकडून शिकला, पण हे हात जायबंदी व्हायच्या आधी. अकरा वर्षांपूर्वी. तेव्हा सूनबाई या घरात आलेली नव्हती."

"मग कोण?" मेजरांनी विचारलं. मेकॅनिक दाराला टेकून उभा होता.

टाचणीबाईंनी चौथा डबा त्याच्याकडे सरकवला. खरं तर हा सापळा अगदीच साधा होता. हँगरमधला माणूस, तार कापायची, टोक दाबायचं, की सुटला. त्यालाही ते समजलं होतं. तो पुढे आला, पकड हातात घेतली आणि टोक चपटं करायच्या बेतानं तार तोडली.

तेवढ्यात भांडारी स्टुलावरून धडपडत उठला. पोराला वाचवायचं होतं त्याला. पण घाईत माणसाच्या तोंडून तेच निघतं जे जन्मभर निघत आलंय.

"त्याला कशाला? ठेव ते खाली! तुझं काम नाही हे!"

मुलाचा हात थांबला. त्यानं बापाकडे पाहिलं. मग मान खाली घातली, तार सरळ केली, कानातून ओवली आणि बांधायला लागला. कसलीही घाई नव्हती. एकेक पीळ सारख्या अंतरावर, घट्ट, उजवा. शेवटी टोक आत वळवलं, कडी केली आणि तिच्यावरून अंगठा फिरवून बघितला. मग डबा उचलून त्यानं बापासमोर ठेवला.

"बघा," तो म्हणाला. "एकदा तरी बघा."

६

नंतर त्यानं काही लपवलं नाही. पहाटे बायको झोपेत असताना खुंटीवरची किल्ली नेली आणि ती उठायच्या आत परत लावली. हे एकदाच केलं. पुढचं सगळं भंगारखोलीत.

"मोजणीत एक डबा कमी भरावा आणि हिला नावं ठेवली जावीत, एवढंच होतं मनात," तो म्हणाला. "दुसरं बेअरिंग होतं ना शिल्लक. हेलिकॉप्टर अडेल असं वाटलं नव्हतं."

"दुसरं दहा तारखेला दुसऱ्या तळाला गेलं," सूनबाई म्हणाली.

"काल कळलं. आज परत ठेवणार होतो. त्याआधीच तुम्ही शोधायला लागलात."

"पण का?" तिनं विचारलं. "किल्ली खुंटीला असायची. घरात माझं काहीही तुझ्यापासून कुलपात नव्हतं. माझ्या नोकरीवर जळलास तू?"

"नोकरीवर नाही." त्यानं तिच्या गळ्यातल्या भिंगाकडे पाहिलं. "लहानपणी मी त्या दाराशी उभा राहायचो. आत यायचं नाही असा हुकूम. घरी पेटीचा कान सोडायचो, परत बांधायचो. बोटं कापून घेतली, पण दाखवलं नाही. म्हटलं, मोठा झाल्यावर शिकवतील. आणि तू आलीस, आणि सहा महिन्यांत... रोज जेवताना 'असा हात मी पाहिला नाही, असा हात मी पाहिला नाही'. माझा हात बघितलाच कुठे होता त्यांनी?"

भांडारी परत स्टुलावर टेकला. "अरे, तू मशीनवर जावास असं वाटायचं मला. या डब्यांच्या धुळीत नको. माझा मुलगा उडणाऱ्या मशीनला हात लावतो, हे मी सगळ्या तळाला सांगत फिरायचो."

"मला कधी सांगितलंत?"



सव्वाचार वाजले होते. मेजरांनी घसा साफ केला. "कुणाच्या हातात होतं, ते कळलं. आता कसं ठेवलं होतं, ते लेखी हवं. त्याशिवाय बेअरिंग बसवता येणार नाही. तपासायला इथे अधिकारी माणूस एकच आहे."

सूनबाईनं गळ्यातलं भिंग काढून सासऱ्याच्या हातात दिलं. ती नवऱ्याकडे वळली नाही.

भांडाऱ्यानं कागद उलगडला. हातमोजे घालून बेअरिंग उजेडाला धरलं, कानाशी नेऊन फिरवलं, भिंगाखाली एकेक गोळी बघितली. कुठे बोटाचा डाग नाही, गंजाचा ठिपका नाही. पुडी बघितली, कागदाची घडी बघितली, सर्वात शेवटी ती तार. त्याला पंधरा-वीस मिनिटं लागली आणि तेवढा वेळ त्याचा मुलगा त्याच्या तोंडाकडे बघत उभा होता. शिक्षेची वाट बघणारा माणूस असा उभा राहत नाही, हे टाचणीबाईंना दिसत होतं. त्यांना त्याची कीव आली, आणि खरं सांगायचं तर त्या अजूनही थोड्या जळत होत्या. त्यांच्या वडिलांनी ते टेबलाचं घड्याळ कधीच हातात घेऊन बघितलं नव्हतं.

भांडाऱ्यानं फेरतपासणीचा फॉर्म पुढे ओढला आणि डाव्या हातानं सावकाश लिहायला लागला. भागाची स्थिती, उत्तम. साठवण, योग्य. बांधणी, या रकान्यापाशी तो थांबला.

"काही दोष?" मेजरांनी विचारलं.

"नाही," म्हातारा म्हणाला. "माझ्याहून चांगली आहे."

त्याखाली एक रकाना उरला होता. बांधणाऱ्याचं नाव. एकतीस वर्षं त्या रकान्यात भांडाऱ्याचंच नाव पडत आलं होतं, आणि गेल्या वर्षापासून सूनबाईचं. तो भरला की हेलिकॉप्टर उडणार होतं, सूनबाईचं भांडार तिच्याकडे राहणार होतं, आणि बाहेर उभे असलेले दोन शिपाई आत येणार होते.

भांडाऱ्यानं तिथे आपल्या मुलाचं नाव लिहिलं, पूर्ण, बापाच्या नावासकट. मग अक्षर नीट आलंय का ते बघायला त्यानं कागद मुलाकडे फिरवला.